नऊ घटकांची एकादशी

गावाला माझा मुलगा एका वर्षी चार महिने आवडला. आषाढातल्या एकादशीपासून कार्तिकातल्या एकादशीपर्यंत. त्याआधी तो गावाच्या लेखी खुळा होता आणि त्यानंतर उर्मट. मधले चार महिने मी खोटं बोलून मिळवले होते. आता मला पेन्शन झाली, मुलगा तिशीच्या पुढे गेला, आणि कल्याणात ती गोष्ट आठवणारी माणसं थोडीच उरली. पण जो तो ती आपापल्या सोयीने सांगतो आणि सांगताना दोष मुलाच्या पदरात घालतो. दोष त्याचा नव्हता, म्हणून लिहायला बसलो आहे.

मी मामलेदार कचेरीत कारकून होतो. ठाण्याहून कल्याणला बदली झाली तेव्हा मुलगा पाच वर्षांचा होता. तो कोणाच्या डोळ्याला डोळा देत नसे. अंगाला हात लागलेला त्याला खपत नसे; आई न्हाऊ घाले तेव्हासुद्धा अंग चोरून घेई. घरात चार माणसं जमली की तो कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसे आणि माणसं गेली की आपला आपण वळे. पंचांग मात्र त्याला कळत होतं. पाठ होतं असं नव्हे, कळत होतं. सहाव्या वर्षी त्याने त्यातली छापणाऱ्याची चूक काढली आणि आमच्या उपाध्यांनी ती दोनदा पडताळून मान्य केली. शेजारच्या काकूंनी "काय रे, बरा आहेस ना?" म्हणून विचारलं, तर हा सांगे, "नवमी सतरा घटकांनी संपते." काकू हसत आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच विचारीत. त्याला ती चेष्टा आहे हे कळत नसे. तो रोज नवी तिथी सांगे.

उपाय सगळे झाले. वैद्यांनी वेखंड उगाळून जिभेला लावलं. ठाण्याच्या डॉक्टरांनी कान पाहिले, जीभ पाहिली आणि मुलगा निरोगी आहे, वाढत्या वयाबरोबर सुधारेल, असं सांगितलं. आठव्या वर्षी मुंज केली. वाजंत्री सुरू होताच तो मातृभोजनाच्या पानावरून उठला आणि माजघरात तांदळाच्या पोत्यांमागे जाऊन बसला. त्याला ओढून काढणारा मीच. पाहुण्यांपुढे माझी मान खाली गेली होती आणि तो राग मी त्याच्या दंडावर काढला. ते वळ दोन दिवस दिसत होते.

मुंजीनंतर त्याला सरकारी मराठी शाळेत घातलं. हेडमास्तर देशावरचे, पन्नाशीचे, रोज सकाळी खाडीवर स्नान करून येणारे, दिल्या शब्दाला जागणारे. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे ते वाईट दिसतील, आणि तसे ते नव्हते. शाळा म्हणजे एक लांब खोली. त्यात पाचपन्नास मुलं मांडीला मांडी लावून बसत. धडा म्हणायचा तर मास्तरांसमोर उभं राहून, वर बघून, मोठ्याने म्हणायचा. सुटायच्या आधी परवचा. पाढ्यांपासून अडीचकीपर्यंत सगळं सगळ्यांनी एका सुरात इतकं ओरडून म्हणायचं, की तो आवाज शाळेजवळच्या तळ्यापलीकडे ऐकू जाई. मुलगा मास्तरांसमोर उभा राहिला की त्याची जीभ टाळ्याला चिकटे. परवचा सुरू झाला की तो कानांवर हात घट्ट दाबून गुडघ्यांत डोकं घाली. शेजारची मुलं मुद्दाम चिमटे काढून पाहत, कारण याला हात लावला की हा किंचाळतो, हा शोध त्यांना पहिल्याच आठवड्यात लागला होता.

एकदा मास्तरांनी फळ्यावर उदाहरण सोडवलं. हा कधी न बोलणारा मुलगा तेव्हा भिंतीकडे बघत म्हणाला, "मास्तर, तुमचं चुकलं." मास्तरांनी चार छड्या दिल्या. छड्या खाऊन झाल्यावर हा म्हणाला, "अजून चुकलेलंच आहे." उदाहरण खरंच चुकलं होतं, पण ते कोण बघतो?

मास्तरांनी मला बोलावून घेतलं. ज्येष्ठाचे दिवस होते. शाळा सुटलेली होती आणि ते छड्या बांधून ठेवत होते. म्हणाले, "भाऊसाहेब, तुमचा मुलगा एक तर मुका आहे, नाही तर उद्धट. दोन्ही एकदम कसा असेल?"

मी मनाशी ठरवूनच गेलो होतो. म्हटलं, "मास्तर, मुलगा हुशार आहे हे तुम्हीही जाणता. त्याला भिंतीकडे तोंड करून बसू द्या. तोंडी विचारू नका, पाटीवर लिहून घ्या. आणि परवच्याच्या आधी घरी सोडा. एवढं केलंत तर तो पहिला येईल."

त्यांनी छड्यांची गाठ आवळली. मग म्हणाले, "हे मी कशाच्या नावाखाली करू? आंधळा असता तर म्हटलं असतं, आंधळा आहे. बहिरा असता तर बहिरा. याला काय म्हणू? उद्या दुसऱ्याचा बाप येऊन म्हणेल, आमच्याही पोराला लवकर सोडा. मार्गशीर्षात शाळाखात्याचे डेप्युटी येतील परीक्षा घ्यायला, त्यांना काय सांगू?"

सगळी हयात मी कागद करण्यात घालवलेली. ज्या गोष्टीला सदर नाही ती गोष्ट कागदावर चढत नाही, हे मास्तरांपेक्षा मलाच अधिक ठाऊक होतं. पागोटं सारखं करून मी उठलो. वाटेत मास्तरांचा राग आला नाही. मुलाचा आला, आणि त्याची लाज वाटली.

कचेरीत तासाचे टोल देणारा एक शिपाई होता, कळव्याकडचा, मिठागरावर वाढलेला. शाळा चुकवून मुलगा त्याच्याजवळ जाऊन बसे. किती टोल पडले, दोन टोलांमध्ये किती पळं गेली, याचा हिशेब करी. शिपाई त्याच्याकडे न बघता घंटेकडे बघत बोले आणि मुलगा उत्तर देई. मी एकदा थक्क होऊन उभा राहिलो, तर शिपाई म्हणाला, "भाऊ, त्याच्याकं बगू नका. बगलं का त्याचं तोंड बंद व्हतं. नाय बगलं का सगला बोलतं." त्याला ना सदर लागलं ना डेप्युटी. पण शिपायाचा सल्ला घेणं कारकुनाला कमीपणाचं वाटतं. मी ऐकलं आणि आत निघून गेलो.

आषाढ लागला. आमच्या घरात चातुर्मासाची तयारी सुरू झाली. बायको चार महिने कांदा, लसूण, वांगं सोडून पानावर जेवणार होती. पलीकडच्या आळीतल्या एक वृद्ध बाई दर वर्षी चातुर्मासात मौन धरीत. त्या रस्त्याने चालल्या की लोक बाजूला होत. कोणी हाक मारीत नसे, कोणी धक्का लागू देत नसे. त्यांना तसं जाताना पाहिलं आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. सरळ बोटाने तूप निघत नव्हतं. बोट वाकडं करायचं ठरवलं.

दुसऱ्या दिवशी शाळेत जाऊन मी मास्तरांना सांगितलं की लहानपणी मुलगा तापाने फणफणला होता तेव्हा आम्ही नवस बोललो होतो, तो आता फेडायचा आहे. एकादशीपासून चार महिने मुलाचं व्रत. मौन. कोणी त्याला शिवायचं नाही. अभ्यास उत्तरेकडे तोंड करून. संध्येसाठी दिवस मावळायच्या आत घरी. बोलताना माझा आवाज जरासुद्धा अडखळला नाही, याचं मला आजही नवल वाटतं.

मास्तरांनी हात जोडले. "आधी का नाही सांगितलंत?" म्हणाले. स्वतः उठून त्यांनी उत्तरेच्या भिंतीशी जागा झाडली, तिथे वेगळं आसन घातलं आणि मुलांना दम दिला की जो याला शिवेल त्याची गाठ माझ्याशी आहे. एका मुलासाठी जे महिनाभरापूर्वी होण्यासारखं नव्हतं ते देवासाठी पाच मिनिटांत झालं.

घरी बायकोला हे आवडलं नाही. "देवाच्या नावावर खोटं? मग निदान संकल्प तरी सोडा, म्हणजे खरं होईल," ती म्हणाली. मी हसण्यावारी नेलं. चार दिवसांचं काम, त्याला उदक कशाला सोडायचं? मुलगा कोपऱ्यात होता. तो भिंतीला म्हणाला, "संकल्प केला नाही, तर व्रत नाही."

"नसू दे," मी म्हटलं. "ते कोणाला सांगायचं नाही. कार्तिकी एकादशी संपेपर्यंत शाळेत बोलायचंच नाही. कळलं?"

"एकादशी संपेपर्यंत," तो म्हणाला.

ते चार महिने आमच्या घरातले सुखाचे. पहिल्या पंधरवड्यात तो रात्रीचा दचकून उठेनासा झाला. जेवायला लागला. पाटी भरून उत्तरं लिही आणि पाटी मागे सरकवी. मास्तर उचलून घेत, तपासत, काही न बोलता परत ठेवीत. श्रावणात मास्तर वरच्या इयत्तेची उदाहरणं त्याच्या पाटीवर घालू लागले. भाद्रपदात ते आपण होऊन आमच्या घरी आले, ओटीवर बसले, गूळपाणी घेतलं आणि म्हणाले, "भाऊसाहेब, असा विद्यार्थी मला वीस वर्षांत मिळाला नाही. मार्गशीर्षात डेप्युटींना मी हा मुलगा दाखवणार. त्यांची शिफारस मिळाली तर ठाण्याच्या इंग्रजी शाळेत याची सोय होईल. मी स्वतः लिहून देतो." बोलताना त्यांनी मुलाकडे पाहिलं नाही. दोन महिन्यांच्या सवयीने त्यांना ते जमू लागलं होतं.

तेव्हा मी सांगायला हवं होतं. माणूस समोर बसला होता, मऊ झाला होता, मुलाचं मोल त्याला कळलं होतं. "मास्तर, व्रत नाही, मुलगाच असा आहे," एवढे शब्द पुरले असते. मी पुन्हा गूळपाणी पुढे केलं आणि म्हटलं, "सगळी आपली कृपा." बायको दाराआड उभी होती. ते गेल्यावर ती बाहेर आली. पाण्याचं भांडं उचलून आत गेली. झाकली मूठ सव्वालाखाची म्हणतात. मला वाटलं, आणखी थोडे दिवस झाकू.

मूठ झाकलेली राहिली आणि बाहेर मात्र बोभाटा वाढला. आठ वर्षांचा बटू चार महिने मौन धरतो, म्हणून बायका आमच्या उंबऱ्याबाहेर नारळ ठेवून लांबून नमस्कार करू लागल्या. तिथी सांगण्यावरून चेष्टा करणाऱ्या काकूसुद्धा त्यात होत्या. मला संकोच वाटायला हवा होता. खरं सांगतो, मला बरं वाटत होतं.

कार्तिकी जवळ आली तशी मास्तरांनी व्रताच्या सांगतेची गोष्ट काढली. शाळेत भजन करू, गावातली चार मंडळी बोलावू, मुलगा सर्वांसमोर मौन सोडून श्लोक म्हणेल. मी हबकलो. सगळ्यांच्या नजरा अंगावर घेऊन याने श्लोक म्हणणं अशक्य. मग माझ्यातला कारकून कामाला लागला. मी म्हटलं, भजन एकादशीलाच सकाळी ठेवा. तेव्हा त्याचं मौन चालू असेल, तो नुसता बसेल. द्वादशीला पारणं करून मौन घरच्या घरी सोडू. मास्तरांना पटलं. मी ठरवलं होतं की एकादशीला संध्याकाळी मास्तरांना एकटं गाठायचं आणि पायांवर डोकं ठेवून खरं सांगायचं. त्याआधी बभ्रा व्हायची भीती नव्हती, कारण मुलगा एकादशी संपेपर्यंत तोंड उघडणार नव्हता.

एकादशी म्हणजे तुमच्याआमच्या लेखी उपासाचा आख्खा दिवस. आज उपास, उद्या पारणं. मुलाच्या लेखी तसं नव्हतं. त्या वर्षी पंचांगात कार्तिक शुद्ध एकादशी सूर्योदयानंतर नऊ घटकांनी, म्हणजे साडेतीन तासांच्या सुमारास, संपत होती. ते पंचांग माझ्याच घरात खुंटीला होतं. मी उघडून पाहिलं नाही.

सकाळी शाळा शेणाने सारवलेली, दाराला आंब्याचे डहाळे. गावातले सावकार, वकील, कचेरीतली मंडळी पुढे बसली होती. मुलगा उत्तरेच्या भिंतीशी आपल्या आसनावर, सगळ्यांकडे पाठ करून बसला होता. भजन चाललं होतं. टाळ फार मोठ्याने वाजवू नका, असं मास्तरांनी स्वतः बजावलं होतं. त्यांची ती आठवण मनातून जात नाही. एक अभंग संपला आणि मंडळी दम घ्यायला थांबली, तेवढ्यात कचेरीतून दहाचे टोल पडले. मुलाने ते बोटांवर मोजलेले मी पाहिले. दहावा पडल्यावर त्याने थोडी वाट पाहिली, राहिलेली पळं मोजत असावा. मग तो भिंतीकडे बघत मोठ्याने बोलला. चार महिने शाळेत न वापरलेला आवाज घोगरा निघाला.

"एकादशी संपली. व्रत नव्हतं. संकल्प केला नव्हता. बाबा म्हणाले, एकादशी संपेपर्यंत सांगायचं नाही."

पहिल्यांदा वकील हसले, मग मागची मुलं. मी उठू लागलो. मुलाचं बोलणं संपलेलं नव्हतं. तो म्हणाला, "मास्तर, व्रत नसलं तरी मला इथेच बसू द्या. इथे मला येतं."

जन्मात त्याने कोणाकडे काही मागितलं नव्हतं. आईकडे भाकरीसुद्धा मागितली नव्हती. ते पहिलं मागणं त्याने चारचौघांत, खरं तेवढं सांगून, नीट मागितलं. मास्तरांच्या हातात त्याच्यासाठी आणलेला शेवंतीचा हार होता. तो त्यांनी पूजेला मांडलेल्या सरस्वतीच्या पाटीला घातला आणि ते मागच्या दाराने बाहेर गेले.

मी त्यांना तळ्याच्या काठी गाठलं. "सगळ्या गावापुढे माझं हसं केलंत," ते म्हणाले. "मला खरं सांगायला काय झालं होतं तुम्हाला?"

"खरंच आधी सांगितलं होतं, मास्तर," मी म्हटलं. "ज्येष्ठात. तुम्ही म्हणालात, कशाच्या नावाखाली करू."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता वितळतील. पण देवाच्या नावाने फसवलेला माणूस वितळत नाही. "तुमचा मुलगा बाकीच्यांसारखा ओळीत बसेल," ते म्हणाले, "नाही तर येऊ नये."

कचेरीत गेलो तर टोलाचा शिपाई उठून उभा राहिला. त्याच्यापर्यंत सगळं पोचलं होतं. म्हणाला, "भाऊ, मला सांगायचा व्हता. दहाचं टोल मी घडीभर उशिरानं दिलं असतं." मी त्याच्यासमोर रडलो. कोणापुढे रडायचं ते माणसाला शेवटी कळतंच.

मुलगा ओळीत बसला. आता त्याला शिवलं तरी चालतं हे कळल्यावर मुलांनी चार महिन्यांची कसर आठ दिवसांत भरून काढली. मार्गशीर्षात डेप्युटी आले. मुलगा त्यांच्यासमोर उभा राहिला आणि खाली बघत राहिला. त्याच्या नावापुढे शून्य पडलं. पौषात त्याने शाळेची वाट सोडली आणि तो टोलापाशी जाऊन बसू लागला. मी अडवलं नाही.

पुढच्या आषाढातल्या एकादशीला तो आपण होऊन न्हाला. देवासमोर पाट मांडला, हातावर पळीने पाणी घेतलं आणि संकल्प सोडला. तिथी, वार, नक्षत्र, अक्षर चुकलं नाही. मौन, अस्पर्श, उत्तरेकडे तोंड. कार्तिक शुद्ध एकादशी संपेपर्यंत. हे त्याला कोणीही सांगितलेलं नव्हतं. बायकोने पदर तोंडाला लावला. दुसऱ्या दिवशी सकाळी तो पाटी घेऊन शाळेत गेला आणि दुपारच्या आत परत आला. पाटीवर लिहिलेलं होतं, "या वेळी संकल्प केला आहे."

"मास्तर काय म्हणाले?" मी विचारलं. त्याने खाली लिहिलं, "म्हणाले, हेही बापाने शिकवलं."

मी पागोटं घालून शाळेत गेलो. मास्तरांनी माझं ऐकून घेतलं. शेवटी म्हणाले, "गेल्या वर्षीही तुम्ही इथेच उभे राहून हेच सांगितलं होतंत."

ते चार महिने मुलगा आमच्या घरातल्या भिंतीशी बसला. उत्तरेकडे तोंड करून, मुकाट, पाटी भरत. ती तपासायला कोणी नव्हतं. मला त्याची उदाहरणं कळत नसत. कार्तिकीला या खेपेस मी पंचांग पाहून ठेवलं होतं. तिथी संपली त्या घटकेला तो वळला आणि म्हणाला, "पूर्ण झालं. आता मास्तरांना सांगा."

मी सांगतो म्हटलं. बाहेर पडलो, तळ्याला एक फेरी घातली, शाळेच्या दारापर्यंतही गेलो नाही आणि परत आलो.

"सांगितलंत?"

"सांगितलं," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो पाटी पुसून, नवी पेन्सिल घेऊन उंबऱ्याशी बसला होता. बोलावणं यायची वाट बघत.